सभेकडे पाठ केलेला दगड

या मोहाच्या झाडाखाली आमची ग्रामसभा बसते, आणि तिच्या कडेला हा काळा दगड आहे. सभेत सगळे एकमेकांकडे तोंड करून बसतात. दगडावरचा माणूस तेवढा सभेकडे पाठ आणि डोंगराकडे तोंड करून बसतो. यंदा कोणत्या उतारावरचा बांबू तोडायचा, कोणता उतार मोकळा सोडायचा, यावर सगळे हो म्हणाले तरी त्याच्या शंका संपेपर्यंत ठराव होत नाही. माणूस दर वर्षी बदलतो. यंदा मी आहे, म्हणून तुम्हाला पाणी देतानाही माझं लक्ष तुमच्या पिशवीकडे होतं. राग मानू नका.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. डोंगरापलीकडच्या राजाचा कारभारी गावात आला. येताना मिठाच्या गोण्या आणल्या आणि घरोघर वाटल्या. फुकट मीठ वाटणारा माणूस मला तरी कधी पटला नाही, पण तेव्हा मिठासाठी आठ दिवस चालावं लागे म्हणे. तो म्हणाला, शेजारची गावं तुमचा डोंगर लुटतील, पायथ्याला राखणीचे दगड लावून देतो. मला काही नको, फक्त सगळ्या गावाचा होकार हवा.

दगड आले. प्रत्येकावर घोडा कोरलेला. आम्ही गोंड माणसं देवाला मातीचे घोडे वाहतो, त्यामुळे घोडा दिसताच लोक हरखले. त्यांनी दगडांना हळद लावली, स्वतःच्या खांद्यावरून वाहून नेले आणि कारभाऱ्याने दाखवलं तसे पायथ्याला ओळीने उभे केले. सगळे घोडे गावाकडे तोंड करून. देव आपल्याकडे बघतोय, असं वाटून गाव खूश झालं.

होकाराच्या दिवशी कुम्मे नावाची एक विधवा तेवढी नाही म्हणाली. मन मानत नाही, याहून जास्त तिला सांगता येईना. गायता, म्हणजे गावचा पुजारी आणि मुखिया, तिचा सख्खा दीर. सगळ्यांत जास्त तोच चिडला. हो म्हणेपर्यंत तिला कोणी खायला द्यायचं नाही, असं ठरलं. ती उठली आणि सभेकडे पाठ करून या दगडावर बसली.

कितीतरी दिवस ती इथेच बसून समोरचे घोडे बघत होती म्हणे. शेवटी गायता समजवायला आला.

“वहिनी, हो म्हण अन् घरी चाल.”

“आधी माह्याजवळ बस. घोड्यायचं तोंड कोनाकडं हाय?”

“आपल्याकडं.”

“तू शेत राखाले बसतं, तवा कोनाकडं तोंड करून बसतं?”

“जिकून डुकरं येते तिकडं.”

“मंग इथं डुकरं कोन?”

गायत्याने घोड्यांची नजर जाते तिकडे वळून पाहिलं, तिथे आपलंच गाव होतं. तो धावत गावात गेला. दुपारपर्यंत लोकांनी सगळे दगड उपटले आणि नाल्यात पालथे टाकले. येताना नाल्यात तुम्ही ज्यांवर पाय ठेवत आलात, ते तेच दगड. कारभारी होकाराशिवाय परत गेला. मग बाया पेज घेऊन इकडे धावल्या, पण कुम्मे बसल्या जागी गेली होती. तिला उपाशी मारलं ते आम्हीच. डोंगर राहिला याचा आनंद आहे, पण ही गोष्ट सांगताना मला दर वेळी लाज वाटते.

आजही सभेच्या जेवणात पहिली पेज या दगडावर येते, मग त्यावरच्या माणसाने गावाला कितीही पिडलेलं असो. आजही डोंगराचा कोणताही कागद आधी इथे उघडतो. तुमचा आराखडा मी सकाळी पाहिला. रंग छान आहेत. डोंगराभोवती कुंपण काढलंय, तेही आमच्याच भल्यासाठी, असं तुम्ही म्हणता. कुंपणाचं फाटक मला सापडलं. आमची घरं फाटकाच्या बाहेर आहेत. पेज घ्या, निवांत खा, आणि मग सांगा, इथं डुकरं कोन?