आपोआप आत जाणारा चोक

निवृत्त मामलेदार खर्शीकर चूक कबूल करणाऱ्यांतले नव्हते. त्यांची पस्तीस वर्षांची पेट्रोल गाडी पीयूसीच्या चाचणीत तिसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा काळा धूर ओकणारी ती गाडी त्यांनी थेट रज्जाक मिस्त्रीच्या गॅरेजसमोर आणून उभी केली.

"प्लग बदलले, फिल्टर बदलला. आता दोष दाखव, नाहीतर पीयूसीवाल्याचं यंत्रच खोटं आहे असं लिहून दे!"

रज्जाकने बॉनेट उघडलंच नाही. खिडकीतून हात घालून त्याने डॅशबोर्डवरचा, पूर्ण बाहेर ओढलेला चोक दाखवला.

"साहेब, थंड इंजिनाला जादा पेट्रोल मिळावं म्हणून हा ओढायचा आणि इंजिन तापलं की आत ढकलायचा. नाहीतर असाच धूर होतो. तुम्ही कधी ढकलता?"

"मी कशाला ढकलू? पस्तीस वर्षं गाडी मीच चालवतोय. तो आपोआप आत जातो!"

"मग आपोआप जायचा कधीपासून थांबला?"

मामलेदार तावातावाने बोटांवर महिने मोजू लागले आणि श्रावणापाशी अडले. गेल्या श्रावणापासून ते गाडीत एकटेच बसत होते.

रज्जाकने चोक अलगद आत ढकलला. हळूहळू धूर ओसरला.

"तुमच्याबरोबर मी कितीदा मागच्या सीटवर बसून आलोय, साहेब," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पूल ओलांडला की शेजारच्या सीटवरून एक हात पुढे यायचा. तुमच्या त्या आपोआपला आम्ही कुमुदवहिनी म्हणायचो."