खेवजीची जागा

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीरस्ता नव्हता तेव्हाची ही गोष्ट. लांबच्या पायवाटेचा सगळ्यात अवघड टप्पा म्हणजे ढाकवली ते बोरवाडी. खाली गर्द रान, वर उभी चढण, आणि मधल्या सपाटीवर केव्हा धुकं उतरेल याचा नेम नाही. तो टप्पा पार करून द्यायचा खेवजी वाटाड्यानं. असं म्हणतात, त्याच्या पायांना घाट कधी कळलाच नाही.

पण गडी तोऱ्याचा! वाटाड्यानं पुढंच चालायचं, मागं वळून बघितलं तर तो वाटाड्या कसला, अशी त्याची समजूत. लोक धापा टाकत मागून पळायचे आणि वर त्याचंच कौतुक करायचे.

एकदा त्याच्या जथ्यात बयजा नावाची म्हातारी होती. लेकीला लग्नानंतर अकरा वर्षांनी मूल झालं होतं. त्या दिवशी बोरवाडीत बारसं होतं आणि दिवस मावळायच्या आत बाळाला पाळण्यात घालायचं होतं. माहेरची कुंची बयजानं पदरात बांधून घेतली होती. सपाटीवर धुकं आलं. खेवजी आपला झपाझप पुढं. माथ्यावर पोचून बघतो तर म्हातारी नाही!

तो तसाच धावत उतरला. हाका मारून मारून घसा बसला. बयजा दरीच्या अगदी तोंडाशी बसलेली सापडली. आणखी एक पाऊल टाकलं असतं, तर संपलंच होतं.

"तुजी पाठ दिसत व्हती तवर चालले रं बाबा," ती म्हणाली. "मंग तू गेलास, वाट बी गेली."

खेवजी मान खाली घालून रडला. मग म्हणाला, "आता म्होरं तू, आये. मी मागनं."

"अरं, मी मुंगीच्या पावलानं चालनार. दिस मावळंल."

"न्हाई मावळत. तू चाल."

असं म्हणतात, म्हातारी पाऊल टाकील तेवढंच धुकं बाजूला व्हायचं. आणि सूर्य? तो डोंगरावर टेकला, तो तिथंच थांबला. बयजा चार ठिकाणी बसली, पायातला काटा काढला, तरी तो बिचारा ताटकळत उभा. तिनं नातीच्या डोक्यावर कुंची बांधली, तेव्हा कुठं मावळला.

त्यानंतर खेवजी मरेपर्यंत कुणाच्या पुढं चालला नाही. लोक त्याला शेपूट म्हणून चिडवायचे, तो खुशाल हसायचा.

आज पाठीला सॅक लावलेली शहरातली माणसं येतात. ढाकवलीचा वाटाड्या आधी विचारतो, "तुमच्यात दमनारं कोन?" जो लाजत हात वर करतो, तो पुढं. त्याला मागं टाकून कुणी गेलंच, तर त्या पुढं गेलेल्याला पुन्हा पायथ्यापासून चढायला लावतात, मग तो कलेक्टर का असेना. वाटाड्या सगळ्यांच्या मागं चालतो. त्या जागेला खेवजीची जागा म्हणतात. माथ्यावर बोरवाडीच्या बायका पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असतात, आणि पाण्याचा पहिला घोट शेवटी येणाऱ्याला देतात.