बाबलचा दांडा

सावरी खाडीच्या तोंडाशी होडी आली की दत्ताराम वल्हं थांबवतो, बांबू पाण्यात सोडतो आणि पाहुण्यांना गप्प बसायला सांगतो. तळाशी टेकलेला बांबू खालून कुणीतरी धरतं. "सोड रं बाबल, आमी खनाया नाय आलाव," असं तो म्हणतो, तेव्हाच बांबू सुटतो. चिखलात रुतला असेल, असं मात्र त्याला सुचवू नका. तो रागावतो.

इथे पूर्वी वाळूचा मोठा दांडा होता, असे सांगतात. गलबतं त्याला अडून बाहेरच राहायची, आणि खलाशांच्या म्होरक्याला, बाबल तांडेलाला, ते फार लागायचं. खाडीचा तळ त्याला अंगणासारखा पाठ होता. दांड्याची माती दांड्याकडेच राहावी म्हणून जुनी माणसं बांबूला चिकटलेली माती दांड्यावरच धुऊन पुढे जायची. बाबल त्यांना हसायचा. त्यानेच व्यापाऱ्यांना जागा दाखवली, आणि एका उन्हाळ्यात दांडा उपसून वाट खोल झाली. पहिलं गलबत आत आलं तेव्हा गावाने त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं म्हणे.

पण त्याच वाटेने भरतीही आत शिरली. ती जुन्या खुणेवर थांबेना. शेतं खारावली. खाडीच्या चिखलातल्या तिसऱ्या मेल्या, त्यांचे शिंपले काठावर उघडे पडून राहिले. मग विहिरीतलं पाणी भरतीबरोबर चढू-उतरू लागलं. बाबलची लेक रखमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिने तांब्या तोंडाला लावला, खारा घोट थुंकला आणि तांब्या बापापुढे ठेवला.

बाबल हादरला. त्याने खाडीला शब्द दिला, "माज्या लेकीला गोडं पानी दे. नेलेली माती मी भरून देतो."

रोज ओहोटीला तो पाटीभर रेती टाकायचा आणि रोज भरती ती घेऊन जायची. शेवटी एका दुपारी तो डोक्यावर पाटी घेऊन छातीभर पाण्यात उभा राहिला. भरती आली तरी हलला नाही. रखमाने काठावरून हाका मारल्या. त्याने मान वळवली नाही. पाणी ओसरलं तेव्हा तिथे वाळूचा उंचवटा होता, माणसाएवढा. गावाने उकरून पाहिलं, पाटी तेवढी मिळाली. उंचवटा वाढत वाढत पुन्हा दांडा झाला, आणि सातव्या दिवशी विहीर गोड झाली. रखमा त्याच पाण्यावर बाळंत झाली, पण ते तिच्या घशाखाली कधी सुखाने उतरलं नाही.

आजही इथली प्रत्येक होडी बांबूची माती दांड्यावरच धुते. गेल्या साली, वाट पुन्हा खोल करायची म्हणून माप घ्यायला एक लाँच आली. दोरीला बांधून सोडलेलं वजन वर येईना. दत्ताराम होडीतून ओरडून सांगत होता, काय म्हणायचं ते. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. चौघांनी ओढलं, तशी लाँचच झुकू लागली. मग दोरी कापून ती माणसं निघून गेली.

तेव्हापासून बांबू सुटायला वेळ लागतो. दत्तारामला ते वाक्य दोनदा म्हणावं लागतं.