हरणीचा रवंथ

एका राज्यात वेशीवर राघू पहारा देत, विहिरींना हाक मारली की त्या ओ देत, आणि याचे कुणाला काही नवल वाटत नसे. नवल वाटे ते एकाच गोष्टीचे. तिथली राणी इरावती हिला कुणालाही ‘नाही’ म्हणता येत नसे. भिकारी आला, दिले. मांजर आले, दिले. मांजराचे सोयरे आले, त्यांनाही दिले. प्रजेला राणी फार आवडे. तिच्या आचाऱ्यांना जरा कमी.

राणीला मुलगी झाली. बाळंतपणात राणीला ताप आला. तो उतरला, पण जाताना अंगावरचे दूध घेऊन गेला. राज्यातल्या झाडून साऱ्या गायींचे दूध आणून पाहिले, बाळाच्या पोटात ठरेना. ठरले ते एकट्या हरणीचे. हरणी ही राजवाड्याच्या गोठ्यातली तांबूस, मागे वळलेल्या शिंगांची गाय. ज्वारीचा कडबा खावा, ओढ्याचे पाणी प्यावे आणि दुपारी सावलीत डोळे मिटून रवंथ करावा, असा तिचा सरळ संसार होता.

राणीला ते पाहवेना. जिच्या दुधावर आपली लेक जगते, तिने वाळक्या काड्या चघळाव्यात?

नेमका त्याच वेळी जटाकेतू नावाचा जादूगार दाराशी आला. पाठीवर सोन्याची गव्हाण, पोट रांजणाएवढे.

“राणीसाहेब, मनात आणाल ते पक्वान्न या गव्हाणीत गायीसाठी भरेल. कधी सरणार नाही.”

“मोल काय?”

“दुपारी बसून ती जे चघळते, ते मला द्या.”

राणीला हसूच आले. “घेऊन जा.”

जटाकेतूने हरणीच्या गळ्यावरून हात फिरवला, मूठ मिटली आणि तो चालता झाला.

मग काय विचारता. तुपातली लापशी, गुळात घोळलेला गहू, भिजवलेले हरभरे. हरणी खाई आणि गव्हाण भरे. सुरुवातीला दूध चरवीच्या काठावरून सांडू लागले. राणी आल्यागेल्याला चरवी दाखवी आणि उगाच गायीच्या पाठीवर थाप मारी. पुढे दूध पातळ झाले. हरणीच्या तोंडाला आंबूस फेस आला, शेण पाण्यासारखे झाले, डावी कूस नगाऱ्यासारखी ताठली. शेवटी ती बसली ती उठेना. मान तेवढी सोन्याच्या गव्हाणीकडे ताणून राही. दूध ओंजळीवर आले, मग तेही आटले. बाळ रडू लागले. मग त्याचे रडणे कमी झाले, आणि त्याची राणीला जास्त भीती वाटली. करायला गेले एक आणि झाले भलतेच.

हरणीच्या पायांशी एक गायबगळा नेहमी हिंडत असे. आजवर तो कुणाशी बोलला नव्हता, कारण बोलण्यासारखे काही घडले नव्हते. तो आता म्हणाला, “राणीसाहेब, गाय आधी गिळते आणि मग बसून खाते. ते बसून खाणे आपण विकलेत.”

“ती तर दिवसभर खात होती.”

“दिवसभर गिळत होती. न चावलेले सारे पोटात आंबले.”

राणीने हरणीच्या ताठलेल्या कुशीवर हात ठेवला. “उपाय सांग.”

“तीन वस्तू आणा. बोलत्या माळावरचा कडबा, खाऱ्या तळ्याच्या राक्षसिणीकडचा मिठाचा खडा आणि जटाकेतूच्या तोंडातला रवंथ. ज्याने दिले, त्यानेच मागायला जावे.”

राजा पद्मसेन बाळाला छातीशी धरून उभा होता. तो म्हणाला, “तू जा. तोवर मी हिला पेज पाजतो. बोंडले कसे धरायचे, तेवढे कुणीतरी मला दाखवा.”

राणी निघाली. बगळा तिच्या डोक्यावरून उडत पुढे चालला.

बोलत्या माळावर ज्वारीची ताटे उभी होती. त्यांनी एका आवाजात विचारले, “किती हवा?” माळभर बुजगावणी उभी होती, ‘सगळा’ म्हणणाऱ्यांचे तिथे तेच होत असे. राणीच्या जिभेवरही तोच शब्द आला होता, कारण हरणीला सगळा माळ दिला तरी राणीला तो कमीच वाटला असता. तिने जीभ आवरली. “एका गायीच्या पोटाला लागेल तेवढा.” ताटे आपोआप आडवी झाली आणि एक पेंढी बांधून तिच्या पायाशी आली.

खाऱ्या तळ्याची राक्षसीण गुडघाभर पाण्यात बसून वेणी घालत होती. ती म्हणाली, “खडा देईन. आधी ती पेंढी मला दे.”

‘घे बाई’ म्हणायला राणीचे तोंड उघडलेसुद्धा. मग तिला बाळाचे न रडणे आठवले.

“नाही,” ती म्हणाली. शब्द नवा होता, जरा अडखळला.

राक्षसिणीने वेणी अर्धीच सोडली. “मागितले की लोक भिऊन हातचे देऊन टाकतात. त्यांना मी खडा देत नाही, मग रडत बसतात. तू शहाणी दिसतेस. धर.”

शहाणी म्हणून राणीला आजवर कुणी ओळखले नव्हते. तिला बरे वाटले.

जटाकेतू आपल्या किल्ल्यात पोट सावरत, हरणीचा रवंथ चघळत बसला होता. त्याने तीन गुरूंच्या तीन विद्या चोरून गिळल्या होत्या आणि पचली एकही नव्हती. अदृश्य व्हायला गेला की नुसती दाढी नाहीशी होई. पाण्यावर चालायला गेला की धोतर पेट घेई. आगीशी बोलायला गेला की ती ऐकून न ऐकल्यासारखे करी.

“रवंथ परत द्या,” राणी म्हणाली.

“दिला तर माझे पोट फुटेल. त्यापेक्षा आणखी एखादी विद्या मला आणून दे. तू कुणाला नाही म्हणत नाहीस, असे ऐकतो.”

राणीने त्याच्याकडे नीट पाहिले. तीच ताठलेली कूस, तोच आंबूस वास. तिला त्याचा रागच येईना.

“नाही,” ती म्हणाली. “आज तुम्ही काहीही गिळायचे नाही.”

ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. जटाकेतू ओरडला, धमकावून झाले, मग लहान मुलासारखा रडला. राणीने त्याला पाणी दिले, मीठ चाटवले आणि कडब्याची एक काडी चावायला दिली. ती चावता चावता त्याने आ केला, आणि तिन्ही विद्या पाखरे होऊन बाहेर पडल्या व आपापल्या गुरूंच्या घरी उडून गेल्या. त्याचे पोट खाली बसले. त्याने रवंथाचा गोळा राणीच्या तळहातावर ठेवला. तो हिरवा, कोमट होता आणि त्याला गवताचा वास येत होता.

“घेऊन जा,” तो म्हणाला. “मला भूक लागली आहे. कित्येक वर्षांत लागली नव्हती.”

राणी गोठ्यात पोचली. गोळा तिने आपल्या हाताने हरणीच्या जिभेमागे सारला, मीठ आणि पाणी पुढे ठेवले, आणि कडबा जमिनीवर पसरला, कारण गव्हाणीत टाकला असता, तर त्याची लापशीच झाली असती. हरणीने मान फिरवली. सोन्याकडे तोंड करून ती अशी हंबरली की गोठ्यातल्या माणसांचे डोळे भरून आले.

“घासभर तरी दे,” राजा म्हणाला. “बिचारी मागते आहे.”

“नाही.” राणीने दावे धरून ठेवले आणि ती ढसाढसा रडली. आपल्या जिवाला इतके कठीण काही तिने कधी केले नव्हते. हरणी हंबरत राहिली, राणी रडत राहिली, आणि दावे काही सुटले नाही.

उन्हे कलताना हरणीने मीठ चाटले. पाणी प्याली. एक काडी ओढली, मग दुसरी. डोळे मिटले, आणि तिचा जबडा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरू लागला. त्या आवाजाने सोन्याच्या गव्हाणीला तडा गेला आणि तिची माती होऊन खाली पडली. राणीच्या जिवात जीव आला.

त्या राज्यात अजूनही सणाच्या दिवशी गायीला गोड घास देतात, पण तो तळहातावर मावेल एवढाच, आणि तोही कडबा खाऊन झाल्यावर.

दूध परतले ते चरवीभर नव्हे, वाटीभर. बाळाला तेवढे पुरे होते. राजाने आता सराईतपणे बोंडले धरले. बाळाने शेवटचा थेंब ओढला, बापाच्या खांद्यावर मान टाकली आणि खणखणीत ढेकर दिली. ती ऐकून राणी मटकन खाली बसली, हरणीच्या कुशीला टेकली आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदा गाढ झोपली.