नवरीचे डोळे

“पण बुवा, डोळे कधी काढणार?”

रायाजी चिताऱ्यानं पुन्हा विचारलं. त्याचे गुरू अचलबुवा मठाच्या पडवीत बसून नदीकडे बघत होते. ऐकलं की नाही, देव जाणे.

त्या मठाच्या चिताऱ्यांमध्ये रीतच होती. चित्र शिष्यानं काढायचं, पण त्यातल्या मुख्य माणसाचे डोळे शेवटी गुरूनं काढायचे. त्याशिवाय चित्र दरबारात जात नसे.

आणि चित्र तरी कसलं! महाराजांच्या खापरपणजोबांचं लग्न. नऊ वर्षांचा बाळराजा, सहा वर्षांची नवरी, मध्ये धरलेला अंतरपाट. मागे हत्ती, वाजंत्री, अक्षता घेतलेले शेकडो हात. पडवीत येणाऱ्या दुपारच्या पिवळ्या उन्हात चित्राकडे बघता बघता तो मांडव हलल्यासारखा वाटे, लांबून कुठून तरी सनई ऐकू येई. आणि मधोमध नवरी, अगदी ताठ उभी. चेहरा होता, डोळे नव्हते.

रायाजी स्वतःच्याच चित्रावर खूश होता. का नसावा? संध्याकाळी दरबारची माणसं ते न्यायला येणार होती. महाराजांना आवडलं की रायाजी मुख्य चितारी. आणि तो मान मिळाला की त्याच्या लेकीचं, वेणूचं लग्न दरबारच्या जवाहिऱ्याच्या घरी. जवाहिऱ्यानं तसं तोंडावर सांगितलं होतं.

“डोळ्यांत आनंद हवा, असं महाराजांचं म्हणणं आहे,” रायाजी म्हणाला.

“लग्न कधी लागलं?” बुवांनी विचारलं.

“गोरज मुहूर्तावर.”

“पोर उठली कधी?”

“पहाटेच उठवली असेल की. हळद, न्हाणं, सगळंच असतं.”

“जेवली?”

“लग्न लागेपर्यंत उपास असतो ना, बुवा!” हे काय विचारणं झालं, असं रायाजीच्या मनात आलं.

नदीवरून गार वारा आला...

“चित्र काढताना समोर कोण उभं होतं?”

“आमची वेणू. सहाचीच आहे तीही.” रायाजीला हसू आलं. “पण कसली उभी राहतेय! शालू गुंडाळला, मुंडावळ्या बांधल्या, आणि घटकाभरात बाईसाहेब खांबाला टेकून गाढ! तोंड उघडं, हातात अर्धा लाडू तसाच.”

“मग?”

“मग काय, मनानंच ताठ उभी केली.”

“हं...”

बुवांनी कुंचला उचलला, काजळीत बुडवला. रायाजीनं हात जोडले. आता झालंच काम!

बुवांनी नवरीच्या चेहऱ्यावर दोन बारीक रेघा ओढल्या, खाली वळलेल्या. मिटलेल्या पापण्या. मग कुंचला धुऊन ठेवून दिला.

चित्र पुरं झालं होतं. मांडवभर माणसं अक्षता घेऊन उभी, आणि नवरी झोपलेली.

रायाजी ताडकन पुढे आला.

“अहो बुवा, हे काय केलंत! महाराज याच्याकडे बघतील तरी का? माझा मान गेला, जवाहिऱ्याचं घर गेलं!” त्याचा आवाज चढतच गेला. “मोडलं ना माझ्या वेणूचं लग्न!”

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल रे... झोपलीय ती.”