हळू मारलेली हाक

डोंगराच्या अलीकडे बाभळी-बोरींचे एक रान होते आणि त्या रानात सातभाई पक्ष्यांचे मोठे खटले नांदत असे. मुलांनो, सातभाई तुम्ही नक्की पाहिले असतील. मातकट रंगाचे, पिवळट डोळ्यांचे आणि सकाळी उठल्यापासून सगळे एकदम बोलणारे. नावात सात आहेत म्हणून मोजायला मात्र जाऊ नका. ते एका जागी बसत नाहीत, तुमचाच हिशेब चुकेल.

त्यांची एक रीत कधी चुकत नसे. सगळे खाली पालापाचोळ्यात किडे वेचू लागले, की एकाने उंच फांदीवर बसून पहारा द्यायचा. ससाण्याची सावली दिसली, की त्याने जीव खाऊन ओरडायचे, "किर्र! किर्र!" आणि बाकीच्यांनी काटेरी झुडपात बुडी मारायची. पहाऱ्यावर असेल त्याने शेवटी जेवायचे. काका, मावश्या, आत्या अशी पुष्कळ मंडळी होती, त्यामुळे पाळी कुणालाच जड जात नसे.

पण ओढा आटला आणि किडे मिळेनासे झाले. तेव्हा एका सातभाईने डोंगरापलीकडच्या हिरव्या मुलखात जायचे ठरवले. "तिथं पोरांची पोटं तरी भरतील," तो बायकोला म्हणाला. दूर उडणे हे काही सातभाईंचे काम नव्हे. या झाडावरून त्या झाडावर, धापा टाकत, थोरल्या मुलीला आणि धाकट्या मुलाला सांभाळत दोघे एकदाचे पोचले.

नव्या रानात खाणे भरपूर होते, ते काही खोटे नव्हते. बाकी सगळे परके होते. झाडे उंच आणि सरळसोट, बोरीचे झुडूप औषधालाही नाही, थंडी तर पंख फुगवून बसले तरी हाडांत शिरे. सातभाई झोपताना एका फांदीवर अंगाला अंग लावून रांगेत बसतात. जुन्या रानात कडेच्या गार जागा काका-मामा घेत. इथे एका कडेला बाबा बसू लागला आणि दुसऱ्या कडेला आई. पहाराही आता दोघांवरच आला. बाबा पोरांना नवे किडे ओळखायला शिकवी, म्हणून आई वर बसे आणि उन्हे कलेपर्यंत उपाशी राही.

शेजारच्या झाडात एक सुतार पक्षी राहत असे. स्वभावाने तो वाईट नव्हता. कुठल्या सालीखाली अळ्या मिळतात, ते त्यानेच यांना दाखवले होते. एक दिवस तो आईजवळ येऊन म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण या रानात असं ओरडत नाहीत. इथं सगळे हळू बोलतात."

"भाऊ, तुम्हीही दिवसभर टकटक करताच की," आई हसून म्हणाली.

"ते काम आहे. तुमचं आपलं उगाच."

आपलेही ते कामच आहे, एवढे साधे उत्तर आईला त्या वेळी सुचले नाही. नव्या जागी माणूस काय आणि पाखरू काय, सारखे अवघडलेलेच असते.

थोरली लवकर रुळली. इथल्या पिलांसारखी ती हळू बोलू लागली. एका सकाळी ती कुरकुरत म्हणाली, "आई, तू ओरडलीस ना, की सगळे माझ्याकडे बघतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

आईने तिच्या मानेवरची पिसे चोचीने सारखी केली. "बरं बाई, नाही ओरडणार. हळूच हाक मारीन. ऐकू येईल ना तुम्हाला?"

"येईल की," थोरली म्हणाली.

धाकट्याला मात्र कसली म्हणून लाज नव्हती. "आई, आपल्या रानातल्यासारखं ओरडून दाखव ना!" असा तो रोज हट्ट धरी. आई म्हणे, "नको रे राजा, शेजारी काय म्हणतील?"

मग एका दुपारी, बाबा आणि थोरली झाडाखाली अळ्या वेचत होते. धाकटा खेळता खेळता दूर, इथल्या ओढ्याकाठी गेला होता. आई वर पहाऱ्यावर होती. तिला उंच झाडांमधून सरकणारी सावली दिसली. हाक थेट गळ्यापर्यंत आली. तेवढ्यात तिची नजर शेजारच्या झाडाकडे गेली, खाली थोरलीकडे गेली, आणि तिने आवाज आवरला. "किर्र," ती हळूच म्हणाली.

बाबाने आणि थोरलीने ती हाक ऐकली आणि मुळांच्या कपारीत उडी घेतली. ओढ्यापर्यंत ती हाक पोचलीच नाही. ससाणा खाली आला आणि वर गेला. काठावर एक मातकट पीस राहिले.

सुतार पक्षी धावत आला. ते पीस पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "ताई, तुम्ही तर वर होतात! मग ओरडला का नाहीत?"

"ओरडले हो, भाऊ," आई म्हणाली. "इथल्यासारखं ओरडले."

सुतार पक्ष्याने मान खाली घातली. त्या दिवशी त्याची टकटक कुणाला ऐकू आली नाही.

दुसऱ्या सकाळी आई उंच फांदीकडे निघाली, तर थोरली आधीच तिथे जाऊन बसली होती. "आई, तू आधी खाऊन घे. आज मी बसते," ती म्हणाली. वाऱ्याने एक वाळके पान समोरून उडत गेले. त्याच्या सावलीलाही ती घाबरली आणि सारे रान दणाणून जाईल अशी ओरडली, "किर्र! किर्र!" सुतार पक्ष्याने आपली पिले चटकन ढोलीत ओढली. आई आणि बाबा कपारीत शिरले. हळू बोला, असे कुणीच म्हणाले नाही. पण जो ही हाक ऐकायला रोज हट्ट धरायचा, तो ऐकायला खाली नव्हता.

तात्पर्य : परक्या मुलखात गेल्यावर तिथली रीत जरूर शिकावी, पण ज्या आवाजावर आपल्या माणसांचा जीव अवलंबून आहे, तो लोकलाजेपायी लहान करू नये.