काळ्या दगडाचा ढीग

एकदा एका आश्रमात नवी विहीर खणायला घेतली, तेव्हा दोन पुरुष खोलीवर पाण्याऐवजी काळा दगड लागला. हलका, ठिसूळ आणि हाताला काजळी लावणारा. खणणाऱ्यांनी तो कडेला फेकून दिला. जवळच मेंढरे बसवलेल्या एका धनगराने त्यातलेच तीन दगड घेऊन चूल मांडली आणि थोड्या वेळाने त्याची चूलच पेटली. हा दगड जळतो, आणि लाकडापेक्षा कितीतरी जास्त वेळ जळतो, हे आश्रमाला असे कळले.

आश्रमाचे आचार्य वृद्ध होते. त्यांनी सगळा दगड खणून काढायला सांगितला. पंधरा दिवसांत थर संपला. त्याखाली कातळ होता आणि कातळातून पाणी झिरपत होते. जेवढा दगड निघाला त्याचा गोठ्याएवढा ढीग झाला. आचार्यांनी ढिगावर गवताचे छप्पर घालून घेतले आणि सांगितले, "मला विचारल्याशिवाय याला कोणी हात लावू नये."

याचा सर्वांत जास्त आनंद झाला तो निळकंठाला. तीस माणसांच्या स्वयंपाकाचे सरपण आणणे हे त्याचे काम होते. आठ वर्षांपूर्वी तो शिष्य म्हणून आला तेव्हा स्वयंपाकघराच्या मागच्या टेकडीवर हात घालावा तिथे वाळलेली फांदी मिळत असे. मग आश्रमाने तोडले, गावाने तोडले, आणि टेकडी भादरल्यासारखी उघडी झाली. आता लाकडासाठी तीन कोस चालावे लागे. पहाटे निघालेला निळकंठ दुपारी परत येई, आणि अध्ययनाला बसला की त्याचे डोळे मिटू लागत. ढिगाकडे पाहून त्याने मनातल्या मनात हिशेब मांडला: हा दगड आश्रमाला तीन वर्षे सहज पुरेल.

चार दिवसांनी तो टोपली घेऊन आचार्यांकडे गेला.

"गुरुजी, आजपासून चुलीला तो दगड घेऊ ना?"

"नको," आचार्य म्हणाले.

"मग कधीपासून?"

आचार्यांनी त्याला हातानेच जायला खुणावले. निळकंठ रिकामी टोपली घेऊन परतला आणि खांद्यावर दोरी टाकून रानाच्या वाटेला लागला.

मार्गशीर्षात थंडी वाढली. एके सकाळी गावातली भागाबाई आली. तिची लेक बाळंत झाली होती, पोर दिवस भरण्याआधीच जन्मले होते आणि घरात ओल्या काटक्यांशिवाय काही नव्हते. तिने काही मागण्याआधीच आचार्यांनी निळकंठाला दोन टोपल्या दगड भरून द्यायला सांगितले.

"बाई, हा घराबाहेर पेटव," ते तिला म्हणाले. "धूर सगळा जाऊ दे. लाल झाला की मग शेगडी आत ने, आणि दार उघडे ठेव. संपला की पुन्हा ये."

निळकंठाला वाटले, आता गुरुजींचे मन वळले. त्याच आठवड्यात एक व्यापारी आला. त्याचा कापड रंगवण्याचा कारखाना होता आणि रंगाच्या कढयांखाली जाळायला त्याला लाकूड मिळेनासे झाले होते. ढिगाच्या बदल्यात तो आश्रमाला दोन वर्षांचे धान्य द्यायला तयार होता.

आचार्यांनी त्याला ताक दिले, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि नाही म्हणून सांगितले.

"महाराज, नुसता पडून आहे तो," व्यापारी म्हणाला. "तुमची पोरे तीन कोस पायपीट करतात. मग ठेवलाय कशासाठी?"

"ते मला अजून ठाऊक नाही."

व्यापाऱ्याने निळकंठाकडे पाहिले. निळकंठाने मान खाली घातली. गुरुजींना वय झाल्यामुळे सुचेनासे झाले आहे की काय, ही शंका त्या दिवशी प्रथमच त्याच्या मनात आली, आणि अशी शंका आली याची लाजही वाटली. भागाबाईला न मागता दिले. आश्रमाला मागूनही दिले नाही. व्यापाऱ्याला धान्याच्या बदल्यातसुद्धा नाही. यात कोणता नियम आहे हे त्याला काही केल्या उलगडेना. त्याने सहाध्यायांना विचारले. एक म्हणाला, गुरुजी आपल्या वैराग्याची परीक्षा घेत आहेत. दुसरा म्हणाला, दगड अपवित्र असेल. पण मग तो बाळंतिणीच्या खोलीत कसा चालला?

पौष संपत आला आणि एक लोणारी आश्रमात उतरला. चुना भाजणे हा त्याचा पिढीजात धंदा. रखमाजी त्याचे नाव. आचार्य त्याला घेऊन दिवसभर ओढ्याच्या काठाने हिंडले. रखमाजी चुनखडीचे खडे उचलून पाही, जिभेला लावी आणि टाकून देई; शेवटच्या खड्याला मात्र त्याने मान डोलावली. संध्याकाळी त्याने ढिगासमोर उभे राहून किती तरी वेळ अंदाज घेतला.

"पुरंल," तो म्हणाला. "पन समदा लागंल. चूल पेटवायला बी उरायचा न्हाई."

"सगळा घे," आचार्य म्हणाले.

निळकंठाचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. पाच महिने ज्या ढिगातला एक खडा त्याच्या चुलीला मिळाला नव्हता, तो ढीग गुरुजींनी एका शब्दात देऊन टाकला होता. दुसऱ्या दिवसापासून ओढ्याकाठी भट्टी रचली जाऊ लागली. चुनखडीचा एक थर, काळ्या दगडाचा एक थर, पुन्हा चुनखडी. टोपल्या वाहण्याचे काम निळकंठाकडेच आले. पहाटे लाकडासाठी तीन कोस आणि दुपारनंतर दगडाच्या टोपल्या.

भट्टी पेटली, वरून नवे थर पडत गेले आणि रखमाजीने सांगितल्याप्रमाणे ती नऊ दिवस जळत राहिली. आश्रमातले शिष्य थंडीने काकडत दुरून तिच्याकडे पाहत. गावकरी येऊन पाहून जात आणि जाताना काहीतरी पुटपुटत. पाचव्या दिवशी निळकंठाच्या हातातली टोपली आपोआप खाली ठेवली गेली. तो तसाच काळ्या हातांनी आचार्यांसमोर जाऊन उभा राहिला.

"गुरुजी, मी आठ वर्षांत आपल्याला उलट विचारले नाही. आज विचारतो. हे काय चालले आहे? तीन वर्षांचे सरपण आपण नऊ दिवसांत जाळत आहोत."

"बैस," आचार्य म्हणाले.

"बसत नाही. मला आधी समजू द्या."

आचार्य हातातली पोथी मिटून स्वतःच उठले आणि त्याच्यासमोर उभे राहिले.

"आपल्या ओढ्यावर गाव दरवर्षी बांध घालते, तो टिकतो का?"

"नाही. दगडमातीचा असतो. पहिल्याच पुरात वाहून जातो."

"आणि ओढा कोरडा कधी पडतो?"

"माघातच."

"मग टेकडीवर लावलेले झाड उन्हाळ्यात जगणार कसे? तू लावलीस, मी लावली. एक तरी जगले?"

निळकंठाने नकारार्थी मान हलवली.

"पुरात टिकेल असा बंधारा बांधायला चुना हवा," आचार्य म्हणाले. "चुना भाजायला जाळ हवा. तो लाकडाचा केला असता, तर उरलेसुरले रानही त्या भट्टीत गेले असते. म्हणजे रान वाढवण्यासाठी रानच जाळायचे. या कोड्यातून मला सुटता येत नव्हते. विहिरीत हा दगड लागला तेव्हा वाटले, सुटका याच्यात कुठेतरी आहे. पण या दगडावर चुना भाजता येईल का, आपल्या ओढ्याची चुनखडी त्याला चालेल का, ते कळत नव्हते. व्यापाऱ्याला मी ठाऊक नाही म्हणालो ते खरेच होते, निळकंठा. तुझ्यासारखाच मीही गोंधळलो होतो. म्हणून हात आवरून बसलो. रखमाजीने काठावरची चुनखडी चाखली तेव्हा मला वाट दिसली."

"पण स्वयंपाकाला घेतला असता तर तीन वर्षे सगळ्यांना सुख झाले असते."

"झाले असते. आणि त्या तीन वर्षांत टेकडीची आठवण कोणाला आली असती? तुलाही नाही, मलाही नाही. चौथ्या वर्षी दगड संपला असता आणि रान तीनऐवजी पाच कोसांवर गेले असते. झाड तोडले तर बुंध्याला पुन्हा फुटवा येतो. हा दगड पुन्हा वाढत नाही. पृथ्वीने तो किती युगे जपून ठेवला कोण जाणे. जे एकदाच मिळते ते खर्चून असे काही उभे करावे, जे दरवर्षी देत राहील. एवढेच मला सुचले."

"मग भागाबाईला का दिलात?"

"तिचे पोर बंधारा होईपर्यंत थांबू शकत नव्हते. तू थांबू शकत होतास. तुझ्या पायांना त्रास झाला, तो मी रोज पाहत होतो."

निळकंठाने हातांवरची काजळी पुसली. मग हळूच म्हणाला, "आणि बंधारा बांधूनही झाडे वाढली नाहीत तर?"

"तर मी चुकलो असेन," आचार्य म्हणाले, "आणि ढीगही गेलेला असेल. ही भीती मलाही आहे."

निळकंठाला या उत्तराची अपेक्षा नव्हती. त्याचे समाधान झाले असे म्हणता येणार नाही. पण तो भट्टीकडे परत गेला आणि त्याने टोपली उचलली.

पुढचे काम गावाने केले. चुना विझवला, वाळू घालून बैलांनी फिरवलेल्या घाण्यात मळला, कातळापर्यंत पाया नेला आणि बंधारा ज्येष्ठाच्या आधी पुरा झाला. पावसाळ्यात दोन मोठे पूर त्यावरून गेले. बंधारा हलला नाही. त्या वर्षी ओढ्यात चैत्रापर्यंत पाणी राहिले. गावाने टेकडीवर गुरे सोडायची नाहीत, कुऱ्हाड न्यायची नाही, असे ठरवले, आणि ज्याला त्याला वीस वीस रोपांना पाणी घालण्याचे काम वाटून दिले. बाभूळ, धावडा, बांबू. काही मेली. बरीच जगली.

सरपण मात्र लगेच मिळाले नाही. निळकंठ आणखी सहा वर्षे तीन कोस चालत राहिला. सातव्या वर्षी गावाने प्रथमच टेकडी वाटून घेतली. एका वर्षी एकाच भागातल्या फांद्या छाटायच्या आणि बाकीचा भाग वाढू द्यायचा. त्या पहिल्या मोळीचा जाळ पाहायला आचार्य राहिले नव्हते.

पुढे निळकंठालाच लोक आचार्य म्हणू लागले. एका वर्षी गावातले चार जण धावत त्याच्याकडे आले. ओढ्याच्या पलीकडच्या काठाला दरड कोसळली होती आणि आत काळ्या दगडाचा थर उघडा पडला होता, पहिल्यापेक्षा मोठा.

"उद्याच खणायला घेतो," ते म्हणाले. "आता कोणाला लाकूड छाटत बसायला नको."

निळकंठ त्यांच्याबरोबर जाऊन दगड पाहून आला. हातात एक खडा घेऊन त्याने विचारले, "हा जळून गेल्यावर मागे काय राहील?"

कोणालाच सांगता येईना.

"मलाही सांगता येत नाही," निळकंठ म्हणाला. "तर मग सुचेपर्यंत थांबू. कोणाच्या घरी आजारपण असेल, बाळंतीण असेल, त्याने हवा तेवढा न्यावा."

कोणाला ते पटले, कोणाला नाही. पण त्या रात्रीचा स्वयंपाक टेकडीवरच्या बाभळीच्या सरपणावर सगळ्यांच्या घरी झाला, पुढच्या वर्षीचाही झाला, आणि दगड काठातच राहिला.